छोट्या विमानाचे इंधन : उड्डाणापूर्वी काय, कसे आणि कशासाठी तपासावे

एका इंजिनाच्या लहान विमानात इंजिन हवेतच बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती उरते ती फक्त उंची. सेसना १७२ हे विमान इंजिनाविना, शांत हवेत आणि योग्य वेग राखला तर, हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. उड्डाणानंतर पाचशे फुटांवर इंजिन थांबले, तर उतरण्यासाठी समोर जे असेल ते शेत, तो माळ किंवा तो रस्ता स्वीकारावा लागतो. इंजिन बंद पडण्याच्या काही कारणांवर वैमानिकाचा इलाज चालत नाही. इंधन हे मात्र असे कारण आहे, की जे जवळजवळ प्रत्येक वेळी जमिनीवर उभे असतानाच लक्षात येऊ शकले असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ साली वैमानिकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला होता. त्यानुसार २०११ ते २०१५ या पाच वर्षांत इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे त्या देशात खासगी आणि लहान विमानांचे दरवर्षी सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले. या अपघातांचे दोन मोठे प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. एका प्रकारात इंधन खरोखरच संपलेले असते. दुसऱ्या प्रकारात टाकीत इंधन असते, पण चुकीची टाकी निवडल्यामुळे, पाण्यामुळे, हवेची नळी बुजल्यामुळे किंवा झडप अर्धवट फिरल्यामुळे ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पहिला प्रकार हिशेबाने आणि मोजमापाने टळतो, दुसरा हाताने केलेल्या तपासणीने. म्हणून "इंधन आहे ना?" या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावेत आणि प्रत्येकाचे उत्तर स्वतः मिळवावे : टाकीत आहे ते कोणते आहे, किती आहे, आणि ते इंजिनापर्यंत जाईल का.

या लेखात उदाहरणासाठी मुख्यतः सेसना १७२ घेतले आहे, कारण महाराष्ट्रातील आणि एकूणच भारतातील अनेक प्रशिक्षणार्थींची पहिली ओळख याच विमानाशी किंवा त्याच्या धाकट्या भावाशी, सेसना १५२ शी, होते. तुमचे विमान दुसरे असेल तर आकडे आणि झडपांच्या जागा बदलतील. त्यामुळे त्या विशिष्ट विमानाची पुस्तिका हाच अखेरचा शब्द मानावा.

आधी कागदावर

तपासणीची सुरुवात विमानापाशी होत नाही. किती इंधन लागणार आहे हेच ठाऊक नसेल, तर टाकीत पाहिलेल्या इंधनाला काही अर्थ उरत नाही.

धुळ्याहून बारामतीला जायचे आहे असे धरू. अंतर सुमारे १६० सागरी मैल आहे. विमानाचा हवेतील वेग १०५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि समोरून १५ नॉटचा वारा आहे, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग ९० नॉट. वेळ लागेल १ तास ४७ मिनिटे. ताशी ३४ लिटर खप धरला तर प्रवासाला ६१ लिटर लागतील. इंजिन सुरू करणे, टॅक्सी (म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालवत नेणे) आणि उड्डाण यांसाठी ४ लिटर, आणि वर चढताना होणाऱ्या जादा खपासाठी आणखी ४ लिटर धरले, की बेरीज ६९ होते. बारामतीला उतरता आले नाही तर सोलापूर गाठायचे ठरवले असेल, तर सुमारे ८५ सागरी मैलांसाठी, १०० नॉट वेगाने, २९ लिटर हवेत. त्यावर अखेरची राखीव शिल्लक म्हणून एका तासाचे ३४ लिटर ठेवले, की एकूण १३२ लिटर होतात.

सेसना १७२ एन या मॉडेलच्या सर्वसाधारण टाक्यांत ४३ अमेरिकन गॅलन इंधन मावते, पण त्यातले वापरता येते ते ४० गॅलन, म्हणजे १५१ लिटर. उरलेले तीन गॅलन टाकीच्या तळाशी राहते आणि प्रत्येक उड्डाणस्थितीत ते इंजिनापर्यंत पोहोचेलच याची हमी नसते, म्हणून हिशेबात ते धरायचेच नाही. याचा अर्थ असा, की नकाशावर साध्या दिसणाऱ्या या प्रवासाला काठोकाठ भरलेल्या टाक्यांतून जेमतेम १९ लिटरची मोकळीक उरते. "अर्ध्याहून जास्त आहे, पुरेल" असे म्हणून निघालेला वैमानिक इथेच फसतो.

राखीव इंधनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची मानके आणि अमेरिकेचे नियमही, डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणासाठी, दिवसा ३० मिनिटांची आणि रात्री ४५ मिनिटांची शिल्लक मागतात. ही कायद्याची किमान रेषा आहे. खप ताशी ३४ लिटर असताना ३० मिनिटांची शिल्लक म्हणजे १७ लिटर, आणि ती दोन पंखांतल्या दोन टाक्यांत विभागलेली. सव्वाआठ-साडेआठ लिटर इंधन रुंद, सपाट टाकीत पसरले की त्याचा थर किती पातळ होतो, हे एकदा टाकीत डोकावून पाहिलेला माणूस एक तासाच्या शिल्लकीखाली स्वतःहून जात नाही.

खपाचा आकडा कुठून घ्यावा, यावरही विचार करावा. पुस्तिकेतील आकडे नव्या इंजिनाचे आणि इंधन-हवेचे मिश्रण नीट पातळ केल्यानंतरचे, म्हणजे त्यातले इंधन कमी केल्यानंतरचे असतात. मिश्रणाची मूठ पूर्ण आत ठेवूनच उडायची सवय असेल, तर प्रत्यक्ष खप बराच जास्त येतो. म्हणून तुम्ही उडवता त्या विमानाची, तुमच्या पद्धतीने उडवल्यावरची नोंद ठेवा : किती मिनिटे इंजिन चालले आणि पुन्हा भरताना किती लिटर लागले. आठ-दहा उड्डाणांनंतर हाती येणारा आकडा छापील आकड्यापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

एककांची गल्लत हा स्वतंत्र धोका आहे. आपल्याकडे इंधन लिटरमध्ये भरले जाते, विमानावरची पाटी आणि गेज, म्हणजे इंधन किती आहे ते दाखवणारा काटा, गॅलनमध्ये असते, आणि वजनाचा तक्ता किलोत किंवा पौंडांत. १ अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तर जुना ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. एव्हगॅसचे, म्हणजे लहान विमानांच्या पेट्रोलचे, वजन लिटरमागे सुमारे ०.७२ किलो असते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोईंग ७६७ कॅनडावरून उडत असताना दोन्ही इंजिनांचे इंधन संपले. त्या दिवशी विमानाची गेज बंद असल्यामुळे टाक्या, आत बुडवून इंधनाची पातळी मोजायच्या पट्टीने, मोजल्या होत्या आणि मोजमाप बरोबरही होते. पण लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणले गेले, आणि तो आकडा लिटरमागे पौंडांचा होता. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन निघालेले ते विमान वैमानिकांनी गिमली येथील जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवले आणि सारे वाचले. म्हणून कागदावर प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहावे. एककाविना लिहिलेला आकडा ग्राह्य धरू नये.

विमानापाशी : गेज पाहा, पण विश्वास पट्टीवर ठेवा

चावी काढलेली आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी यंत्रे) बंद आहेत याची खात्री करून, विमानाची वीज चालू करणारा मास्टर स्विच क्षणभर चालू करावा, दोन्ही गेज वाचून कागदावर टिपावीत आणि स्विच बंद करावा. हे आकडे नंतर पट्टीच्या मापाशी ताडून पाहायचे आहेत.

सेसनाच्या टाकीतील जुन्या पद्धतीचे गेज म्हणजे काट्याला विजेच्या तारेने जोडलेला एक तरंगता गोळा. विमान डुलले की गोळा डुलतो. सांधा झिजला की काटा अडकतो. अशा विमानांच्या प्रमाणीकरणाचा अमेरिकी नियम शून्याच्या खुणेबद्दल नेमकी अट घालतो : समतल उड्डाणात वापरण्याजोगे इंधन संपेल तेव्हा काट्याने शून्य दाखवले पाहिजे. गेज म्हणूनच निरुपयोगी नाही. पट्टी ७० लिटर दाखवत असताना त्याच बाजूचा काटा जवळजवळ रिकामी टाकी दाखवत असेल, तर ते विमान दुरुस्ती विभागाकडे गेले पाहिजे. उड्डाणात एका बाजूचा काटा झपाट्याने खाली येऊ लागला, तर "हे गेज असेच आहे" म्हणून दुर्लक्ष करू नये. झाकणातून किंवा सांध्यातून गळती होत असेल असेच प्रथम धरावे.

आता शिडी किंवा पायरी घेऊन पंखाच्या वर जा. ज्यांचे पंख खाली आहेत अशा विमानांत हे सोपे असते. सेसनात मात्र वर चढावे लागते आणि घाईत नेमका हाच भाग टाळला जातो. झाकण उघडा, आत पाहा आणि पट्टी सरळ तळापर्यंत सोडा. पट्टी त्याच मॉडेलची हवी. १७२ एन च्या टाक्यांत एकूण ४३ गॅलन मावते तर १७२ एस च्या टाक्यांत ५६. दोन्ही विमाने दुरून सारखीच दिसतात, पण एकाची पट्टी दुसऱ्यात घातली तर येणारा आकडा खोटा असतो. विमान सपाट जागेवर उभे नसेल, किंवा पुढच्या चाकाचा दांडा नेहमीपेक्षा जास्त दबलेला किंवा उचललेला असेल, तर माप चुकते. लाकडी पट्टी आधी कोरडी करून घ्यावी, आणि उन्हात एव्हगॅस झटकन उडून जात असल्यामुळे पट्टी बाहेर काढताक्षणी ओली रेघ वाचावी. दोन्ही टाक्या मोजा, बेरीज करा आणि ती मघाच्या १३२ लिटरशेजारी लिहा. बेरीज ११५ आली तर इंधन घ्यायचे किंवा प्रवास लहान करायचा; मध्ये तिसरा मार्ग नाही.

पायपर चेरोकीसारख्या काही विमानांत टाकीच्या तोंडाखाली धातूची एक जीभ असते. वॉरियर मॉडेलमध्ये इंधन त्या जिभेच्या खुणेपर्यंत असेल तर त्या टाकीत १७ गॅलन असते. चार माणसे बसणार असतील, तर पूर्ण टाक्या आणि कमाल वजन यांचा मेळ अनेकदा बसत नाही. त्या वेळी ही खूण फार उपयोगी पडते. वजन जास्त होत असेल तर माणूस किंवा सामान कमी करावे. राखीव इंधनाला मात्र हात लावू नये.

झाकण परत लावताना त्याचे रबरी कडे चिरले आहे का, कडक झाले आहे का हे पाहावे. पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर उडताना हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून इंधन अक्षरशः ओढून बाहेर काढले जाते, आणि खाली बसलेल्या वैमानिकाला ते दिसतही नाही. दुसऱ्याने झाकण लावले असेल, तरी स्वतःच्या हाताने एकदा फिरवून पाहावे.

तळाचा नमुना

टाकीच्या तळाशी बसवलेल्या लहान झडपेतून थोडे इंधन पारदर्शक कपात काढून पाहणे ही या सगळ्या तपासणीतली सर्वांत जास्त शिकवणारी पायरी आहे. पाणी एव्हगॅसपेक्षा जड असते, त्यामुळे ते टाकीच्या सर्वांत खालच्या जागी साचते आणि झडप नेमकी तिथेच असते. पाणी येते तीन वाटांनी : झाकणाच्या चिरलेल्या कड्यातून पावसाचे, भरलेल्या इंधनातून, आणि अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होऊन आतल्या भिंतींवर धरलेल्या दवातून. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः विमान उघड्यावर उभे राहत असेल तर, या तिन्ही वाटा एकदम खुल्या असतात.

एका पावसाळी सकाळी माझ्या एका विद्यार्थ्याने नमुना घेतला, कप आकाशाकडे धरला आणि समाधानाने सांगितले, "सर, एकदम स्वच्छ आहे." कप खरोखर स्वच्छ होता. त्यात दोन थरांमधली रेघ नव्हती, तळाशी थेंब नव्हता, कचरा नव्हता. मी कप घेऊन विमानाच्या पांढऱ्या पत्र्यासमोर धरला. निळसर झाक कुठेच नव्हती. बोटावर थेंब घेतला तर तो गार लागला नाही आणि उडूनही गेला नाही. कपात इंधन नव्हतेच. ते सगळे पाणी होते. रेघ दिसायला दोन द्रव लागतात, आणि इथे एकच होता. त्या टाकीतून आम्ही एकामागून एक सात कप काढले, तेव्हा कुठे आठव्यात निळा रंग आणि त्याखाली लोळणारा पाण्याचा मणी दिसला. झाकणाचे रबर कडेला तडकलेले होते आणि आदल्या रात्रभर पाऊस झाला होता. विमान त्या दिवशी उडाले नाही. त्या विद्यार्थ्याची चूक नव्हती. "स्वच्छ दिसते का" एवढेच पाहायला आम्ही शिकवले होते, आणि रंग पाहायला सांगायचे राहून गेले होते.

म्हणून क्रम असा ठेवावा. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी, विमान जागेवरून हलवण्याआधी नमुना घ्यावा, कारण विमान ढकलले की तळाचे पाणी हलून विखुरते. प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतरही नमुना घ्यावा. मात्र लगेच नव्हे, तर पाणी आणि कण खाली बसायला निदान पंधरा मिनिटे देऊन. कपात नुसता तळ ओला होईल एवढेच काढून भागत नाही, निम्मा कप तरी भरावा. मग चार गोष्टी पाहाव्यात. रंग : १०० एलएल, म्हणजे कमी शिशाचे नेहमीचे एव्हगॅस, निळे असते, आणि तो निळा फिकट असल्यामुळे निळ्या आकाशासमोर नव्हे तर पांढऱ्या पृष्ठभागासमोर पाहावा. थर : तळाशी वेगळा थेंब किंवा रेघ आहे का. कण : गंज, रबराचे तुकडे, वाळू. आणि वास, कारण रॉकेलसारखा वास आला तर पुढची तपासणी तिथेच थांबते. नमुना गढूळ दिसला, तर त्यात बारीक विखुरलेले पाणी आहे असे समजून थोडे थांबावे आणि पुन्हा काढावे.

आधी पंखांतल्या झडपा आणि नंतर इंजिनाजवळचा गाळणीचा निचरा, हा क्रम सोयीचा आहे, कारण इंजिनाकडे जाणाऱ्या मार्गातील सर्वांत खालची जागा गाळणीची असते. १७२ एन मध्ये ही गाळणी तेलाच्या झाकणातून हात घालून एक मूठ ओढल्यावर निथळते. पुस्तिका ती साधारण चार सेकंद ओढायला सांगते. इंधन खाली जमिनीवर पडत असल्यामुळे अनेक जण ते न पाहताच मूठ सोडून देतात. अशा वेळी दुसऱ्या व्यक्तीने खाली कप धरावा, अन्यथा ती तपासणी झाली असे म्हणता येत नाही. १७२ एस मध्ये निचऱ्याच्या जागा तेरा आहेत : प्रत्येक पंखाखाली पाच आणि इंजिनाच्या पोटाखाली तीन. तेरा हा आकडा कंटाळवाणा वाटतो हे मी जाणतो, पण निर्मात्याने त्या झडपा बसवल्या त्या टाकीच्या तळातील प्रत्येक खोलगट जागेसाठीच. शेवटी, प्रत्येक झडप सोडल्यावर ती पुन्हा पूर्ण बंद झाली की नाही हे खाली वाकून पाहावे. खडा अडकलेली झडप थेंब थेंब गळत राहते. पंखाखाली किंवा पोटाखाली निळसर डाग वाळलेला दिसला, तर ती जुन्या गळतीची खूण आहे.

पाणी सापडले तर स्वच्छ, निळा नमुना येईपर्यंत काढत राहावे. त्यानंतर पंखांची टोके हलक्या हाताने खालीवर हलवून, थोडे थांबून, पुन्हा नमुना घ्यावा. जुन्या सेसना विमानांपैकी काहींत टाकी म्हणजे पंखातली रबरी पिशवी असते आणि तिच्या सुरकुत्यांमागे पाणी अडून राहते. अशा विमानात हे हलवणे टाळता येत नाही. तरीही पाणी येतच राहिले, तर निर्णय तंत्रज्ञाचा. वैमानिकाने तिथे नशिबावर हवाला ठेवू नये.

काढलेले इंधन जमिनीवर फेकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि ती मला मान्य नाही. १०० एलएल मध्ये शिसे असते. ते मातीत आणि पाण्यात जाऊ नये, हातावर राहू नये. त्यासाठी झाकणाचा डबा ठेवावा आणि तपासणीनंतर हात साबणाने धुवावेत.

रंगावरून कळते, आणि रंगावरून कळत नाही

भारतात लहान विमानांसाठी मिळते ते मुख्यतः १०० एलएल. इंडियन ऑइलने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये देशात तयार केलेले एव्हगॅस १०० एलएल बाजारात आणले, त्याआधी आपण आयातीवर अवलंबून होतो. जेट ए-१ हे मात्र रॉकेलच्या जातीचे, रंगहीन किंवा गवताच्या काडीसारखे किंचित पिवळसर. साध्या पिस्टन इंजिनात ते गेले तर धोका असा, की इंजिन लगेच बंद पडत नाही. नळ्यांत उरलेल्या एव्हगॅसवर ते सुरू होते, टॅक्सी करते, पूर्ण शक्तीची चाचणीही कधी कधी पार पाडते, आणि उड्डाणानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत धडधडून थांबते.

आजच्या प्रशिक्षण संस्थांत हा धोका वाढला आहे, कारण एकाच प्रकारचे दिसणारे विमान दोन वेगळ्या इंजिनांसह येते. डायमंड डीए ४० लायकमिंग इंजिनासह असेल तर त्याला एव्हगॅस लागते आणि डिझेल पद्धतीच्या इंजिनासह असेल तर जेट ए-१. म्हणून भरणाऱ्याला "फुल करा" एवढेच सांगू नये. इंधनाचे नाव आणि लिटर सांगावेत, टाकीच्या तोंडाशेजारची पाटी दाखवावी, टँकरवरची पाटी स्वतः वाचावी, आणि नंतर पावतीवर इंधनाचा प्रकार पाहूनच सही करावी. अमेरिकेतील विख्यात वैमानिक बॉब हूवर यांच्या श्राइक कमांडर विमानात असेच जेट इंधन भरले गेले होते आणि उड्डाणानंतर दोन्ही इंजिने थांबली. सारे वाचले. परत आल्यावर त्यांनी भरणाऱ्या तरुणाला जवळ घेतले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या विमानात इंधन त्यानेच भरावे असे सांगितले. जेट इंधनाच्या नळीला बसवलेले रुंद, चपटे तोंड एव्हगॅसच्या लहान छिद्रात जाऊ नये अशी रचना पुढे रूढ झाली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. पण पिंपातून आणि नरसाळ्यातून इंधन भरताना ही रचना कामाला येत नाही.

दोन्ही इंधने मिसळली असतील तर नमुन्यात फिकट निळा रंग राहूही शकतो. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. शुद्ध एव्हगॅस काही वेळात उडून जाते आणि कागद कोरडा होतो; जेट इंधन असेल तर तेलकट वर्तुळ मागे राहते.

मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकी छोटी विमाने, उडवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. रोटॅक्स ९१२ सारखी इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात, पण रोटॅक्सची मान्यता १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलला आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि तापमान उतरले की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. शिवाय ते काही रबरांना आणि चिकटद्रव्यांना मानवत नाही. घरी करता येणारी चाचणी अशी : अरुंद, खुणा असलेल्या काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यावे, वर नव्वद मिलिलिटर पेट्रोल ओतावे, बूच लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. खालचा पाण्याचा थर दहाच्या खुणेवर राहिला तर इथेनॉल नाही. वर चढला तर जितका चढला तितके इथेनॉल पेट्रोलमधून पाण्यात उतरले आहे.

इंधन भरताना

भरताना इंजिन आणि मास्टर स्विच बंद असावेत, विमानात कोणी बसलेले नसावे, आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी असावे. नळीतून वाहणाऱ्या इंधनामुळे स्थिर विद्युतभार साचतो, म्हणून टँकर आणि विमान यांना जोडणारी तार झाकण उघडण्याआधी लावावी आणि झाकण बंद केल्यावरच काढावी. तिचा चिमटा रंग नसलेल्या धातूला लावायला हवा. रंगावर लावलेला चिमटा जोडणी करत नाही. भरताना नळीचे तोंड टाकीच्या कडेला टेकलेले राहावे. प्लास्टिकच्या डब्यातून भरणे टाळावे, कारण त्यावरचा भार तारेने उतरत नाही.

हवेची वाट आणि झडपेची मूठ

टाकीतून इंधन खाली जाते तेव्हा त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. सेसना १७२ मध्ये ही हवेची नळी डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांड्यामागे असते. चार-पाच दिवस उभ्या असलेल्या विमानात कुंभारीण माशी तिथे चिखलाचे घर बांधते. नळी बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते आणि भरलेल्या टाकीखाली इंजिन उपाशी मरते. दिव्याच्या प्रकाशात नळीचे तोंड पाहावे. आत काडी घालून ढकलू नये, कारण चिखल आणखी आत जाईल. सापडले तर तंत्रज्ञाला बोलवावे.

इंधनाची टाकी निवडणारी झडप, जिला सगळे सिलेक्टरच म्हणतात, तपासणीतच प्रत्येक स्थितीत फिरवून पाहावी. ती प्रत्येक खाचेत ठाम बसते का, आणि बसलेल्या स्थितीतून हात पोहोचतो का? १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी हे, कारखान्यात न बनता हौशी माणसाने बांधलेले विमान कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळले. त्या विमानातील सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता, तो फिरवायला जड होता, आणि इंधनाची पातळी दाखवणाऱ्या खुणा मागे वळल्याशिवाय दिसत नव्हत्या. निघण्यापूर्वी इंधन घ्यायचे का असे विचारले गेले होते आणि त्यांनी नको म्हटले होते. चौकशीचा निष्कर्ष असा, की हवेत झडप फिरवण्यासाठी वळताना पाय रडरवर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायदाबावर) दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला. उड्डाणापूर्वी इंधन न घेणे हेही कारणांत नोंदवले गेले. त्या सिलेक्टरची अडचण त्यांना जमिनीवरच ठाऊक झाली होती; ती हवेत निभावून नेता येईल असे धरून चालणे महागात पडले.

सेसना १७२ मध्ये उड्डाणासाठी सिलेक्टर "बोथ"वर हवा. चेरोकीत "बोथ" नसतेच, म्हणून ज्या टाकीवर उडायचे तीच निवडून इंजिनाची चाचणी करावी आणि त्यानंतर उड्डाण होईपर्यंत झडपेला हात लावू नये. धावपट्टीच्या तोंडाशी टाकी बदलली, आणि नव्या टाकीत पाणी किंवा अडथळा असला, तर जुन्या टाकीचे नळ्यांत उरलेले इंधन उड्डाणापुरतेच पुरते. दुसरी टाकी तपासायची असेल तर ती टॅक्सी करतानाच वापरून पाहावी.

निघताना आणि परतल्यावर

इंजिन सुरू झाल्याची वेळ लिहावी, आणि मघाच्या हिशेबातून "अमुक वाजता माझ्याकडे एक तासाचे इंधन उरेल" ही वेळही गुडघ्यावरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावी. ती वेळ आली की जवळच्या विमानतळावर उतरायचे, मग मुक्काम कितीही जवळ दिसो. डिजिटल फ्युएल टोटलायझर असेल तरी लक्षात असावे, की तो टाकीत पाहत नाही. तुम्ही सुरुवातीला भरलेल्या आकड्यातून वाहून गेलेले इंधन तो वजा करतो, आणि पट्टीने न मोजता "फुल" दाबले असेल तर त्याची सगळी वजाबाकी चुकीच्या आकड्यातून होते. ठरलेल्या विमानतळाखेरीज दुसरीकडे जाण्याइतके इंधन उरले नसेल तर नियंत्रकाला "मिनिमम फ्युएल" सांगावे, आणि राखीव शिल्लक मोडूनच उतरावे लागणार असे दिसले तर "मेडे मेडे मेडे फ्युएल" ही संकटाची हाक द्यावी. हे शब्द उच्चारायला वैमानिक लाजतात, तेव्हा ते जमिनीवरच दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहावेत.

उतरल्यावर विमान उतारावर उभे राहणार असेल तर सिलेक्टर "बोथ"वर सोडू नये, डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवावा. नाहीतर वरच्या बाजूचे इंधन रात्रभर खालच्या टाकीत उतरते आणि हवेच्या नळीतून बाहेर पडते. पावसाळ्यात, पुढच्या दिवशीचे वजन परवानगी देत असेल तर, टाक्या रात्रीच भरून ठेवाव्यात, म्हणजे दव धरायला आत हवा उरत नाही. आणि परत पट्टी घेऊन वर चढावे : किती उरायला हवे होते आणि किती उरले, हे दोन्ही आकडे विमानाच्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, म्हणजे उद्या सकाळी येणाऱ्या वैमानिकाला त्या विमानाचा खरा खप समजेल.